जगलीवरचं नवरात्र

भाद्रपद सरत आला की आमच्या म्हैसूरला नटण्याची घाई सुटते. चौकाचौकांत दिव्यांच्या माळा चढतात, वर्षभर कुणी न पाहिलेल्या खड्ड्यांवर डांबर पडतं, आणि रानातून आणलेले हत्ती सकाळ-संध्याकाळ मिरवणुकीच्या रस्त्यावर चालण्याचा सराव करतात. त्या वेळात आमच्या अग्रहार पेठेतून बाजारात जायचं म्हटलं तर ऑटोवाले सरळ मान हलवतात. मी दर वर्षी कुरकुरते. मुलगा म्हणतो, "आई, तू कुरकुरायला लागलीस की मला कळतं, दसरा आला." म्हणू दे. सत्तरी गाठलेल्या बाईला एवढा हक्क असायलाच हवा.

कुरकुर आटोपली की मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावते. झाकण उघडलं की डांबरगोळ्या, जुनी सुती लुगडी आणि मातीवरचा रंग यांचा मिळून एक वास येतो. तो नाकात शिरला की माझ्यापुरतं नवरात्र बसलं. आमच्याकडे घट तर बसतोच, पण बाहुल्याही बसतात. पुण्याकडच्या नातेवाइकांना हे समजावून सांगावं लागतं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात चाकरीला आले. पुढे घोडे गेले, तलवारी गेल्या, पण घरातल्या बायकांनी इथल्या शेजारणींकडून उचललेली ही रीत टिकली. पांढरं कापड अंथरलेल्या पायऱ्या, त्यांवर देव, शिपाई, वाणी आणि त्याची लठ्ठ बायको, मोहरी पेरून उगवलेली इवलीशी शेतं, आणि सगळ्यांच्या वर मधोमध राजाराणीची लाकडी जोडी. ही जोडी आपली आपण आणायची नसते. लेकीच्या लग्नात आई ती तिच्या ओटीत घालते, आणि मग ती लेक दर नवरात्रात जोडीला नवे कपडे चढवून वरच्या पायरीवर बसवते.

परवा अशीच ऑटोत अडकले होते. समोरून हत्ती चालले होते आणि ऑटोवाला इंजिन बंद करून मला माहिती पुरवत होता. अंबारी म्हणे सगळ्यांत ताकदवान हत्तीला देत नाहीत. शेजारी तोफा उडवून बघतात, आणि जो बिथरत नाही, जो बाकीच्यांना आपल्या चालीनं शांत ठेवतो, त्याच्या पाठीवर ती चढते. ऐकता ऐकता मला आईच आठवली. तिला हत्तीच्या रांगेत बसवलेलं अजिबात आवडलं नसतं, कारण ती काटकुळी होती आणि तिला त्याचा अभिमान होता. पण आठवली खरी, आणि मग घरी पोहोचेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

ते नवरात्र माझ्या दहाव्या वर्षाचं. स्वातंत्र्य मिळून दीडेक तप झालं होतं. आमची गल्ली अग्रहाराच्या पोटातली, अरुंद, आणि प्रत्येक दाराबाहेर दोन्ही अंगांना दगडी ओटा. त्याला आम्ही इथल्यासारखंच जगली म्हणतो. जगलीवर भाजी निवडली जायची, वर्तमानपत्र वाचलं जायचं, भांडणं व्हायची आणि मिटायची. ज्याला घरात घ्यायचं नाही त्याला बसवायची जागाही तीच. लहानपणी त्यात काही वावगं आहे असं वाटलंच नव्हतं.

शेजारचं घर श्रीपतअण्णांचं. देश स्वतंत्र झाला तरी म्हैसूर संस्थानात लोकांचं राज्य यायला आणखी एक लढा द्यावा लागला, त्यात अण्णा तुरुंगात जाऊन आले होते. गल्लीतली पोरं त्यांना पाठीमागे 'जेलअण्णा' म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. लढ्याच्या दिवसांत त्यांनी गल्लीतल्या मुलींनाही तयार केलं होतं. पोलीस आले तर पळायचं नाही, शिवी द्यायची नाही, हाताला धरून उठवलं तर अंग सैल सोडायचं. त्या मुलींत माझी आई होती, तेव्हा शाळेत जाणारी; तिचं माहेरही याच गल्लीतलं. तिचं नाव सरू. तिच्यावर लाठी काही पडली नाही आणि तुरुंगही तिला दिसला नाही, कारण ऐन मोर्चाच्या दिवशी तिला सडकून ताप भरला. अण्णांचे धडे मात्र तिनं मन लावून गिरवले होते. ते कधी वापरायलाच मिळाले नाहीत याची तिला चुटपुट असावी.

अण्णांचा एकुलता एक मुलगा माधव विषमज्वरानं गेला, तेव्हा त्याची बायको चंद्रा जेमतेम विशीची. ती सरगूरची. तिची आई तिच्या लग्नानंतर वर्षभरातच वारली होती, त्यामुळं आईनं ओटीत घातलेली रक्तचंदनाची जोडी हेच काय ते चंद्राचं माहेर. माधव गेला आणि त्या घरात बाहुल्या मांडणं बंद झालं. पहिलं वर्ष सुतकाचं, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या वर्षीही मांडल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी कुणी विचारलंसुद्धा नाही. नवरात्रातल्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका नटून हळदीकुंकवाला घरोघर हिंडायच्या, आणि चंद्रा मागच्या खोलीत शिलाईच्या मशीनवर बसलेली असायची.

आणि गंमत बघा. गंमत कसली, आता लिहितानाही जीव कळवळतो. गल्लीतल्या सगळ्या बाहुल्यांचे कपडे चंद्राच शिवायची. राणीचं वीतभर काठपदराचं लुगडं, राजाचा जरीचा अंगरखा, वाण्याच्या बायकोची ताणून बसलेली चोळी. तिच्या हाताला तसं वळण होतं, आणि कुणाच्या राणीचा खांदा किती उतरता हे तिला तोंडपाठ होतं. बायका यायच्या, कपडे घेऊन जायच्या, "काय सुंदर शिवलंस गं" म्हणायच्या. त्या बाहुल्या बघायला मात्र तिला एकीनंही बोलावलं नव्हतं. त्यात माझी आईही आली.

घट बसायच्या आदल्या दुपारी आई आमच्या राणीचं लुगडं आणायला गेली आणि मी तिच्या पाठोपाठ. चंद्रानं ते घडी घालून आईच्या हातात दिलं. मग खाली बघत म्हणाली, "अक्का, घातल्यावर कसं दिसतं ते स्वल्प येऊन सांगा हं." स्वल्प म्हणजे जरासं. एवढंच मागणं. आई "हो" म्हणाली, घरी आली, लुगडं कपाटावर ठेवलं आणि चुलीपुढं नुसतीच उभी राहिली. दूध उतू चाललं होतं, ते मीच उतरवलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आईनं चंद्राला हाताला धरून बाहेर काढलं. चंद्राच्या सासूबाई गोदाक्का देवळात गेल्या होत्या. पहिलं घर सोनाक्कांचं. कुंकवाचं तबक घेऊन त्या दारातच उभ्या होत्या, गजरा माळलेल्या, चेहरा हसरा. आईच्या मागे चंद्रा दिसली आणि तोंड उघडंच राहिलं.

"सरू, तू ये की आत. पण ही..."

"आम्ही दोघी आलोय सोनाक्का," आई म्हणाली. "दोघींना आत घेता येत नसेल तर परवागिल्ला, काही बिघडलं नाही. आम्ही सुम्ने जगलीवर बसतांव. तुमची आरती होऊ दे निवांत."

आणि खरंच दोघी सुम्ने, म्हणजे काही न करता, बसल्या. मला आत पिटाळलं. मी आत गेले, बाहुल्या बघितल्या, चकली खाल्ली, दुसरी मागून घेतली. सोनाक्कांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. आमंत्रण दिलेली सवाष्ण कुंकवावाचून दाराबाहेर बसलीय, या विचारानं त्यांची आरती दोनदा चुकली. आरती झाल्यावर आई उठली, "येतांव सोनाक्का" म्हणाली आणि पुढच्या घराकडे वळली. तिथंही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्या घरीही.

आईचे नियम होते. वाद घालायचा नाही. कुणी पाणी दिलं तर प्यायचं. परतताना त्या घराबद्दल वाकडा शब्द बोलायचा नाही. हा शेवटचा नियम मला फार जड गेला, कारण कुणाच्या घरची खिरापत कशी होती यावर टीका करत परतणं हा नवरात्राचा निम्मा आनंद असतो. मी एकदा म्हणाले, "त्यांची उसळ खारट होती." आई म्हणाली, "तुला मीठ जास्त लागलं असेल." बस. विषय संपला.

गल्लीत अर्थातच गहजब झाला. कुणी म्हणालं सरूच्या डोक्यावर परिणाम झालाय. कुणी माझ्या वडिलांना गाठून बायकोला आवरायला सांगितलं. वडील रेल्वेत नोकरीला, स्वभावानं मवाळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन आईला एवढंच म्हणाले, "बाहेर बसतेस तर शाल घेऊन जा." एका घरी तर आम्ही पोहोचण्याच्या बेतानं जगलीवर बादल्या ओतून ठेवल्या होत्या. दगडांच्या फटींत पाणी साचलेलं. आई क्षणभर थांबली. मग तिनं नवं लुगडं सावरलं आणि ओल्या दगडावर बसली, जशी काही सतरंजी अंथरलीय. चंद्रा तिच्याजवळ बसली. उठल्या तेव्हा दोघींची लुगडी मागून चिंब होती, आणि तशाच त्या सगळी गल्ली चालून घरी आल्या. माझी तर मान वर होत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी त्याच जगलीवर चटई पसरलेली दिसली. कुणी पसरली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

अण्णा आमच्याकडे आले ते या सगळ्याच्या अगदी सुरुवातीला, दुसऱ्याच सकाळी. काठी आपटत आले. आता आईचं काही खरं नाही म्हणून मी दाराआड दडले. पण त्यांचा राग भलताच निघाला.

"हे काय चालवलंयस सरू? सत्याग्रह?"

आईनं खुर्ची पुढं केली, ती त्यांनी बघितलीही नाही.

"कुणाविरुद्ध? मागणं काय? समोरच्याला आधी सांगितलंस?"

"नाही अण्णा."

"अय्यो! मग त्याला सत्याग्रह म्हणत नाहीत, त्याला हट्ट म्हणतात. आधी कळवायचं असतं. काय पाहिजे ते सरळ त्याच्या तोंडावर सांगायचं, आणि मग बसायचं. इतकं शिकवलं ते सगळं वाया? आणि त्या पोरीला तरी विचारलंस का, यायचं का म्हणून?"

आईनं पदराला हात पुसले आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "चुकलं माझं. आता सांगते अण्णा. चंद्राच्या बाहुल्या तुमच्या घरात मांडायच्या. तिच्या आईनं दिलेली जोडी, तिनं स्वतः मांडायची. ते होईपर्यंत मी कुणाच्या घरचं कुंकू घेणार नाही. तुमच्याशी माझं भांडण नाही."

अण्णा खुर्चीत बसले. आयुष्यभर दुसऱ्यांना पाजलेलं औषध आपल्याच पुढ्यात आलं की माणसाचं तोंड कसं होतं, ते मी त्या दिवशी बघितलं. आईनं कॉफी दिली. ती त्यांनी संपवली. मग म्हणाले, "माझी ना नाही. पण गोदेला मी सांगू शकणार नाही. माधव गेल्यापासनं आम्ही दोघं... त्या विषयावर बोलत नाही." काठी उचलली, दारापर्यंत गेले आणि वळून आईला म्हणाले, "आणि मांडी घालून बसू नको इतका वेळ. पाय सोडून बस." लढाई त्यांच्याच घराविरुद्ध होती, पण शिष्या चुकीची बसलेली त्यांना बघवेना.

पुढारी म्हटला की माझ्या डोळ्यांपुढं अजूनही लाउडस्पीकर येतो. उंचावर उभं राहून बोट उगारणारा माणूस, आणि खाली माना वर केलेली गर्दी. नोकरीत असताना मीही युनियनच्या सभांना जात होते, टाळ्याही वाजवत होते. पण गर्दी पाठीशी असताना पुढं उभं राहणं आणि आपल्याच गल्लीत, आपल्याच माणसांच्या दाराशी, हसत, एकटीनं खाली बसणं यांत फार अंतर आहे. पोलिसाचा राग आला तर सोसता येतो, तो परका असतो. ज्या सोनाक्कांनी माझ्या जन्माच्या वेळी आईला रात्रंदिवस सोबत केली होती, त्यांच्या दाराबाहेर बसताना आईला काय वाटत असेल? मी तिला ते कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.

चंद्राला मात्र विचारता येतं. चंद्राक्कानं ऐंशी ओलांडली, गुडघ्यांनी दगा दिलाय, पण फोनवर आवाज अजून खणखणीत. हत्ती बघून आले त्या संध्याकाळी मी तिला फोन लावला. ती म्हणाली, "खरं सांगू? पहिल्या दिवशी मला तुझ्या आईचा इतका राग आला होता! मला न विचारता धरून नेलं. सगळ्या गल्लीसमोर नाही म्हणवून घ्यायचं, तेही घरोघर. भुईत जावंसं वाटलं बघ." मी म्हटलं, "मग दुसऱ्या दिवशी का आलीस?" ती म्हणाली, "दुसऱ्या दिवशी ती आली, माफी मागितली आणि म्हणाली, तू आली नाहीस तरी मी बसणार आहे. पण आलीस तर बरं वाटेल. मग मीच निघाले. तोवर मला कुणी असं म्हटलंच नव्हतं गं, आलीस तर बरं वाटेल म्हणून." पुढं ती बराच वेळ भाज्यांच्या भावावर बोलली. आमच्या पिढीला अशा बोलण्यानंतर भाज्यांचे भाव लागतातच.

मधल्या माळेपासून वारं फिरायला लागलं. आधी एक म्हातारी सवाष्ण, "मला जिना चढवत नाही" असं निमित्त करून आईशेजारी टेकली. जिना त्या घराला नव्हताच. मग दोन सुना आल्या. मग स्वतः सोनाक्का आल्या, तबक तसंच आत ठेवून. एका घरी तर आत बाहुल्या, यजमानीण आणि मी एवढेच उरलो, आणि बाकी सगळं हळदीकुंकू जगलीवर. त्या बिचाऱ्या बाईनं शेवटी दार सताड उघडलं आणि म्हणाली, "या गं सगळ्या. चंद्रा, तूही ये." असं एकेक दार उघडत गेलं. चंद्रानं आपण शिवलेले कपडे अंगावर चढलेले बघितले. ती फार जवळ गेली नाही. लांबूनच बघायची, आणि तिचे ओठ किंचित हलायचे, कुठं टाका ओढला गेलाय ते मोजत असल्यागत.

राहिलं एकच घर, तिचं स्वतःचं. आईचं मागणं गोदाक्कांच्याही कानी गेलं होतं, पण त्या बाहुल्यांना नाहीच म्हणत होत्या.

दोन ऑक्टोबर त्या वर्षी नवरात्रातच आला होता. दर वर्षीप्रमाणं शाळेच्या पटांगणात सभा, सूतकताई आणि अण्णांचं भाषण. पहिल्या रांगेत आई आणि चंद्रा. अण्णा उठले, चष्मा लावला, तुरुंगातल्या दिवसांबद्दल सुरुवात केली. ते भाषण आम्हाला पाठ होतं. 'अन्याय करणाऱ्याच्या दारात प्रेमानं बसायचं' या वाक्याशी आले आणि थांबले. पाणी प्यायले. "आज एवढंच," म्हणाले आणि खाली बसले. त्या संध्याकाळी ते टोपी घालून आपल्याच घराच्या जगलीवर येऊन टेकले. ही बातमी गल्लीभर पसरायला किती वेळ लागणार? दिवे लागायच्या सुमारास त्या जगलीवर आणि समोरच्या रस्त्यावर पस्तीस-चाळीस बाया बसलेल्या. कुणीतरी देवीचं गाणं सुरू केलं. मी आनंदानं नाचायचीच बाकी होते. आई जिंकली होती.

तेवढ्यात आतून गोदाक्कांनी दार लावून घेतलं. कडी पडल्याचा आवाज आला. मग खिडकीतला दिवा विझला.

गाणं थांबलं. आई त्या काळ्या खिडकीकडे बघत राहिली. मग उठली आणि सगळ्यांपुढं हात जोडून म्हणाली, "घरी जा. उद्या कुणी इथं बसू नका."

"आत्ता?" सोनाक्का म्हणाल्या. "आत्ता तर ती वाकायला आलीय."

"म्हणूनच," आई म्हणाली. "आत ती एकटी आहे आणि बाहेर आपण इतक्या जणी. हे बसणं नव्हे सोनाक्का. हे वेढा घालणं झालं."

बायका चिडल्या. इतक्या दिवसांची कमाई एका क्षणात मातीत घातली, असं तोंडावर म्हणाल्या. आईनं ऐकून घेतलं. सगळ्या पांगल्यावर अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आईकडे असं बघितलं, जसं माणूस आपल्याहून मोठ्याकडे बघतो. लोकांना बसवणं त्यांनी शिकवलं होतं. उठवणं आई स्वतःच शिकली. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. आज मात्र त्या नवरात्रातलं तिचं सगळ्यांत मोठं काम कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी तेच सांगीन.

नंतर पुष्कळ काही झालं. चंद्रानं शिवणाचे वर्ग काढले, ते चांगले चालले. गल्लीतली एक-दोन घरं पुन्हा जुन्या वळणावर गेली, सगळं काही एका नवरात्रात सुधारत नाही. आई साध्या आजारानं गेली, तिच्यावर कुणी लेख लिहिला नाही. पण ते असू दे. मला दसऱ्याच्या सकाळचं सांगायचंय.

सगळी गल्ली मिरवणुकीला जागा धरायला सकाळीच निघून गेली होती. मलाही जायचं होतं, पण आई मला घेऊन मागच्या दारानं गोदाक्कांच्या स्वयंपाकघरात गेली. अण्णा पुढं जगलीवर एकटेच बसलेले होते. गोदाक्का खाली बसून वाल सोलत होत्या. आईनं विळी ओढली आणि नारळ खवायला घेतला. नारळ संपला, वाल संपत आले. तेव्हा गोदाक्का खाली बघतच म्हणाल्या, "तुला वाटतं मी सोवळ्यासाठी अडवते. सगळ्यांना तसंच वाटतं. वाटू दे म्हटलं, ते बरं."

आईचा हात थांबला.

"जोडी गं ती, सरू. शेजारी शेजारी बसवायची, नवे कपडे घालायचे. माझ्या डोळ्यांपुढं माधव आणि ही बोहल्यावर बसलेली येतात. ती जोडी मला बघवायची नाही. माझ्यानं नाही होणार."

आईनं त्यांच्या हातावर हात ठेवला. ज्या दारासाठी आम्ही इतके दिवस घरोघर बसलो होतो, त्यामागं काय होतं ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. "मग नको गोदाक्का," आई म्हणाली. "राहू दे. मी हे इथंच सोडते." तिच्या आवाजात हरल्याचं काही नव्हतं. तिला खरंच वाईट वाटत होतं.

मागच्या खोलीतलं मशीन कधी थांबलं ते कळलं नव्हतं. चंद्रा दारात उभी होती. सासूला आमच्यात अत्ते म्हणतात. ती म्हणाली, "अत्ते, मीसुद्धा ती पेटी उघडली नाही. तीन वर्षं झाली."

गोदाक्कांनी मान वर केली.

"ह्यांच्या शर्टात गुंडाळून ठेवलीय मी जोडी. शेवटचा धुवायचा राहिलेला शर्ट. उघडली तर वास जाईल म्हणून भीती वाटते. मला एकटीनं नाही उघडवत अत्ते. तुम्ही बसाल जवळ?"

मग त्या दोघी मागच्या खोलीत गेल्या. आई आणि मी उंबऱ्याशी थांबलो. पेटी उघडल्याचा आवाज आला. मी आत डोकावले तेव्हा निळ्या रेघांचा शर्ट गोदाक्कांच्या मांडीवर होता आणि त्यांचं तोंड त्यात होतं. चंद्रा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, पुन्हा पुन्हा, मोठ्या माणसानं लहान पोरीला थोपटावं तसं. त्या रडत होत्या. मोठ्यानं, लाज सोडून रडत होत्या. त्या घरात तीन वर्षांत कुणी रडलंच नव्हतं, हे मला फार पुढं कळलं.

डोळे पुसून गोदाक्कांनीच पाट मागितले. तीन पाट एकावर एक रचून पायऱ्या केल्या आणि आईनं त्यांवर धुवट धोतर अंथरलं. राणीच्या लुगड्याचा रंग पार उडाला होता. चंद्रानं उरलेल्या चिंध्यांतून एक काठाचा तुकडा काढून तिथंच नेसवला. कुणाला आधी ठेवायचं म्हणून ती घुटमळली, तर गोदाक्का म्हणाल्या, "तुझी आहेत. तुला हवं तसं ठेव." त्यांनी शर्ट मात्र सोडला नाही.

जोडी बसली. समई लागली. लांब कुठंतरी मिरवणुकीचा बँड सुरू झाला होता.

"पुढचं दार उघड," गोदाक्का चंद्राला म्हणाल्या. "बाहेर माणूस बसलाय."

चंद्रा उठली, पदर सावरला, कडी काढली. दार उघडून ती उंबऱ्यात उभी राहिली आणि जगलीवर बसलेल्या आपल्या सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, आत या. मी बाहुल्या मांडल्यात."